कमिशनर की एसपी?

शहापूर, बेळगाव

प्रिय बाळू,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग तुझ्या भावाची कीव आली. मोटरसायकल चोरीला गेली खानापूरच्या बाजारातून आणि बिचारा अर्ज घेऊन उभा राहिला बेळगावात, पोलीस कमिशनरसाहेबांच्या दारात! त्यांनी परत पाठवलं यात त्यांचं काही चुकलं नाही. खानापूर त्यांच्या हद्दीतच नाही गा.

तू कोल्हापूरला गेलास तेव्हा इथे सगळ्या जिल्ह्याला एकच एसपी, म्हणजे पोलीस अधीक्षक होते. 2014 मध्ये शहराला पोलीस आयुक्तालय मिळालं आणि पोलिसांच्या हद्दीपुरते जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. खडेबाजार, मार्केट, टिळकवाडी, शहापूर, माळमारुती आणि जवळपासचा काही ग्रामीण भाग कमिशनरांकडे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक एसपींकडे. दोन्ही कार्यालयं बेळगावातच, त्यामुळे गावाकडचा माणूस हमखास गोंधळतो. त्यात उत्तर विभागाचे आयजीपी, म्हणजे पोलीस महानिरीक्षकही इथेच बसतात. बेळगाव, धारवाड, गदग, बागलकोट, विजयपूर अशा पाच जिल्ह्यांचे एसपी त्यांच्या हाताखाली. कमिशनर मात्र त्या साखळीत येत नाहीत, त्यांचा व्यवहार थेट बेंगळुरूशी. आणि सगळ्यांच्या वर तिथे डीजी-आयजीपी, म्हणजे तुमच्याकडचे पोलीस महासंचालक. 2017 मध्ये नीलमणी राजू त्या पदावर आल्या, कर्नाटकात पहिल्याच बाई.

फरक नुसत्या पाटीचा नाही. जमावबंदीचंच बघ. शहरात तो हुकूम कमिशनर स्वतः काढतात, कारण दंडाधिकाऱ्याचे अधिकार त्यांच्याकडेच आहेत. खानापुरात किंवा निपाणीत एसपींना तसा हुकूम काढता येत नाही. तो महसूल खात्याकडून, जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडून यावा लागतो. 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी असो की सुवर्णसौधात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, शहरात बंदी घालणारा आणि बंदोबस्त लावणारा एकच. मला हे फारसं पटत नाही. आपण ज्याच्याकडे दाद मागायची तोच हुकूम काढणारा! गावाकडे निदान मधे दुसरं खातं तरी आहे.

खालची उतरंड तुमच्यापेक्षा थोडी वेगळी. तुमचा एपीआय, म्हणजे सहायक निरीक्षक, हा हुद्दा इथे नाहीच. पीएसआयच्या, म्हणजे फौजदाराच्या वर थेट इन्स्पेक्टर. बऱ्याच ठिकाणी दोनतीन ठाण्यांचं मिळून एक सर्कल असतं, त्याचा सीपीआय, म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर. त्याच्यावर डीवायएसपी, म्हणजे उपअधीक्षक, मग एसपी. (कॉन्स्टेबलांची ती एका बाजूला दुमडलेली हॅट आठवते? बाची ओलांडून शिनोळीला पोचलो की टोपी बदलायची, तेवढ्यावरून राज्य कळायचं. 2025 मध्ये तीही गेली, आता इथेही पी-कॅप.)

तू लिहिलंस की वर खमका माणूस बसला की खालचं आपोआप सुधारतं. मला तसं वाटत नाही. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये महासंचालकांना पदावर किमान दोन वर्षं द्या म्हणून सांगितलं. एसपी आणि ठाणेदारालाही तेवढीच द्या, असं त्याच निकालात आहे. पण चर्चा होते ती वरच्या खुर्चीची. बाजारात रोज कोण उभं असतं, गाड्या कुठल्या वाटेने बाहेर जातात, हे ज्याला कळायला हवं तो ठाण्याचा इन्स्पेक्टर. त्याला हद्द पायाखालची व्हायच्या आत बदली आली तर बेंगळुरूत कोणीही बसो, तुझ्या भावाची गाडी काही सापडत नाही.

आता कामाचं. त्याला पुन्हा इकडे पिटाळू नकोस. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, झिरो एफआयआर म्हणतात ती. तुमच्याकडे कागलच्या ठाण्यात मराठीत फिर्याद दे म्हणावं, ते ती खानापूरला पाठवतील. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. पुढचे कागद खानापुरात कन्नडमध्ये होतील, ते माझ्याकडे पाठव, मी वाचून सांगतो. आणि खानापूरवाल्यांनी हालचाल केली नाही तर अर्ज टपालाने पाठवायचा, पाकिटावर नाव एसपींचं. कमिशनरांचं नव्हे!

वहिनींना नमस्कार. गाडीच्या आरसीची झेरॉक्स त्याच्याकडे आहे का, तेवढं लगेच कळव.

तुझा,
अण्णा