पाण्यावरच्या बागेला विक्रेत्याच्याच बियाण्याची सक्ती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेच्या सदनिकांमध्ये मातीविना, पाण्यावर भाजीपाला वाढवण्याचे छोटे संच आता दिसू लागले आहेत. ज्यांच्याकडे अंगण नाही अशा घरांत चार पाने पालक किंवा कोथिंबीर हाताशी येत असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे. मात्र या संचांबरोबर विक्रेत्याच्याच बियांच्या वड्या आणि विक्रेत्याच्याच द्रावणाच्या बाटल्या दरवेळी घ्याव्या लागतील अशी जी रचना केली जाते, आणि दुसरे बी किंवा खत वापरल्यास हमी लागू राहणार नाही असे काही ठिकाणी सांगितले जाते, ती ग्राहकावर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यात तर या सक्तीला काहीच आधार नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातील द्राक्ष बागायतदार ठिबकमधून जी विद्राव्य खते वर्षानुवर्षे देत आले आहेत, जवळजवळ त्याच खतांवर पाण्यातली भाजीही वाढते. कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५ व ०:५२:३४ (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के), मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळून राहतील अशी, सूक्ष्म अन्नद्रव्ये हे सारे कोणत्याही मोठ्या कृषी सेवा केंद्रात मिळते आणि पुडीवर घटकांचे प्रमाण छापलेले असते. पालेभाजीसाठी १० लिटर पाण्याला ६ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, ३ ग्रॅम १३:०:४५, दीड ग्रॅम ०:५२:३४, ३ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर सूक्ष्म अन्नद्रव्ये एवढ्यावर काम भागते. पथ्य एकच, पण ते कसोशीने पाळावे लागते: कॅल्शियम नायट्रेटचे घट्ट द्रावण सल्फेट किंवा फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात कधीही थेट मिसळू नये, कारण मग पांढरा साका तळाशी बसतो आणि त्यातले अन्न मुळांना मिळत नाही. म्हणूनच संचाबरोबर ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन वेगळ्या बाटल्या दिलेल्या असतात. त्यामागे यापेक्षा मोठे गुपित नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. घरात आहे म्हणून १९:१९:१९ टाकणे योग्य नाही, कारण त्यातील बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो, त्याचे रूपांतर करणारे जिवाणू मातीत असतात तसे नव्या पाण्यात नसतात, शिवाय त्यात कॅल्शियम नसतेच. जीवामृत किंवा शेणाची स्लरी शेतात कितीही गुणकारी असली तरी साठवलेल्या पाण्यात ती कुजते आणि मुळांचा प्राणवायू संपवते. पाण्याचीही परीक्षा हवी. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील बोअरचे पाणी मुळातच क्षारयुक्त असल्याने खत घालण्यापूर्वीच ईसी मीटर (पाण्यातील क्षार मोजणारे उपकरण) लावून पाहावे आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान राखावा. तो वर गेला की लोह असूनही नवी पाने पिवळी पडतात.

बियाण्याचा प्रश्न तर याहून सोपा आहे. स्वयंपाकघरातले धने हलक्या हाताने रगडून दोन फोडी केले, मेथीदाणे रात्रभर भिजवले, की कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या जाळीच्या कुंडीत ते उगवतात. पुदिन्याला बीसुद्धा लागत नाही. बाजारातल्या जुडीतली ताजी कांडी पाण्यात ठेवली तरी मुळ्या धरते. घरच्या बियांची खात्री नसते, असा आक्षेप विक्रेते घेतात व तो अगदीच चुकीचा नाही. परंतु सोयाबीन पेरण्यापूर्वी आपले शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजतात, तीच चाचणी ओल्या फडक्यावर दहा-वीस बियांची कोणत्याही गृहिणीला करता येईल. संकरित वाणाच्या फळातले बी मात्र पुन्हा धरू नये, कारण पुढच्या पिढीत मूळ गुण टिकत नाहीत. तसेच गुलाबी किंवा निळ्या रंगाची बीजप्रक्रिया केलेले, म्हणजे औषध चोळलेले, शेतीचे बियाणे, कोवळे अंकुर खाण्यासाठी, घरात चुकूनही वापरू नये.

या शेतीचा आपल्या देशातील आरंभच मुळी साधेपणातून झाला, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिम्पाँग येथे जे प्रयोग सुरू केले, त्यांचा रोख महागड्या यंत्रांवर नव्हता. सामान्य माणसाला स्थानिक साहित्यात हे जमावे असा होता. शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मान्य केला आहे. तो कायदा शेतकऱ्यासाठी आहे हे खरे, पण ज्या समाजाने शेतकऱ्याचा हा हक्क मानला, त्याच समाजातील घरगुती बागेला एका ठराविक मापाच्या प्लास्टिकच्या वडीत अडकवणे मला पटत नाही.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. संच विकणाऱ्यांनी बाटलीवर अन्नद्रव्यांचे प्रमाण मराठीत छापावे आणि बाहेरचे बी व माध्यम बसेल अशी साधी कुंडी संचासोबत द्यावी. आणि कांचनपूरचे कृषी विज्ञान केंद्र तसेच कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र यांनी शहरी घरांसाठी स्थानिक पाणी गृहीत धरून द्रावणाचे एक पानी पत्रक तयार करावे. आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर ते छापले गेल्यास अनेक घरांची सोय होईल.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली