शेवंतीची कुंडी आणि कॅमेरा

क्राकूव,
१ नोव्हेंबर, रात्री

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिले नाही, आणि आज लिहितो आहे तेही अपराधी मनानेच. प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच.

आज इथे सर्व संतांच्या सणाची सार्वजनिक सुट्टी आहे. दुकाने बंद राहणार म्हणून काल पाव घ्यायला गेलो, तर बाजारात शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या; घरमालकीणबाईंसाठी एक हौसेने आणली. ही फुले पोलंडमध्ये थडग्यांवर ठेवतात, हे मला त्यांचा चेहरा पाहून कळले. धडधाकट बाईंना जिवंतपणीच श्रद्धांजली वाहिली म्हणून तू हसशील, हस. पुढचे हसण्यासारखे नाही.

आज जादा सोडलेल्या बसने राकोवित्स्की दफनभूमीत गेलो. ती १८०३ सालची आहे. साडेचारच्या आतच सूर्य मावळला आणि काचेतले दिवे, ज्यांना इथे ‘झ्निच’ म्हणतात, नजर पोचेल तिथवर दिसू लागले. ज्यांचे कोणी उरले नाही अशांच्या थडग्यांवरही लोक ते लावत होते. मी कॅमेरा काढला. समोर एक आजी ओल्या फडक्याने दगडावरची अक्षरे पुसत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. पण आपलीच अडचण होते आहे असे वाटून त्यांनी बादली उचलली आणि आपल्याच माणसाच्या थडग्यापासून चार पावले दूर जाऊन, मी हलेपर्यंत, मुकाट्याने उभ्या राहिल्या. फोटो काढला की नाही, ते विचारू नकोस.

नानांच्या तेराव्याला तू माझ्या हातातला कॅमेरा हिसकावून घेतला होतास आणि मी तुला आक्रस्ताळा म्हणालो होतो. तो शब्द परत घेतो. रोल उघडून वाया घालवलास, त्याचे पैसे मात्र अजून तुझ्याकडे आहेत.

कपडे कोणते घालावेत, टोपी कुठे काढावी, हे सगळे मी वाचून आलो होतो आणि गर्दीत आवाजही चढवला नव्हता, तरी हे घडलेच. उद्या मृतात्म्यांचा दिवस. सुट्टी नाही, पण लोक जातील. कॅमेरा ठेवून आपणही जावे, त्या दगडाजवळ एक दिवा लावावा, असे मनात येते. आणि लगेच वाटते की त्या आजी तिथे असल्या, तर माझ्यासाठी पुन्हा बाजूला होतील. तू काय केले असतेस?

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? चिरंजीवांना नोकरीबद्दल आशीर्वाद.

तुझा,
दत्ता