फुलीचा खरा अर्थ सांगणाऱ्या ताईंना

ताई,

आमच्या गाडीचं जपानी सर्व्हिस पुस्तक वाचून दिल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आम्ही न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला राहतो. इथे जपानमधून वापरून आलेल्या गाड्या ढिगाने दिसतात, दोन्ही देशांत स्टिअरिंग उजवीकडे त्यामुळे चालून जातं. आम्ही पण तशीच एक सुबारू फॉरेस्टर बघितली, २००९ ची, मीटरवर १ लाख १८ हजार. विकणारा माणूस सरळ होता, म्हणाला कॅमबेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतला टायमिंग बेल्ट, जपानमध्येच बदललाय, बॉनेट उघडून आतलं स्टिकर दाखवलं आणि खणातून सर्व्हिसचं पुस्तक काढून हातात दिलं. अख्खं जपानीत! आणि आमच्या मेकॅनिकने तर आधीच बजावलं होतं की या इंजिनाला चेन नाही बेल्ट आहे, लाखभर किलोमीटरला बदलावाच लागतो, तुटला तर व्हॉल्व्ह जाऊन पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच कामातून जातं.

मी मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर पानं टाकून बघितली आणि उलट जास्तच घाबरलो. एका पानावर २४.६.९ आणि २८ हजार किलोमीटर, दुसऱ्यावर ३०.६.१२ आणि ८१ हजार, शेवटच्या पानावर २.६.१० आणि ९६ हजार. म्हणजे २०१० ला ९६ आणि २०१२ ला ८१? मला वाटलं मीटर मागे फिरवलंय, झालं, सोडून द्यावी गाडी. मग मित्राने तुमचा नंबर दिला, पुण्यात जपानी शिकवतात, आधी चाकणच्या कंपनीत टेक्निकल ट्रान्सलेशन करायच्या म्हणून. ओळख ना देख, मी रात्री नऊला बावीस फोटो पाठवले आणि झोपलो. सकाळी बघतो तर चौदा व्हॉइस नोट! तुम्ही तुमचा संध्याकाळचा क्लास संपवून बसला होतात, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

पहिल्याच नोटमध्ये तारखांचा घोळ सुटला. जपानी लोक वर्ष आधी लिहितात, मग महिना, मग दिवस, आणि वर्ष पण सम्राटाच्या काळाचं. आधीच्या सम्राटाचा हेइसेइ काळ असेल तर त्यात १९८८ मिळवायचे, आताचा रेइवा असेल तर २०१८. म्हणजे २४ म्हणजे २०१२, ३० म्हणजे २०१८ आणि शेवटचं २ म्हणजे २०२०. सगळे आकडे ओळीने चढत गेले. तिकडची तपासणी, शाकेन, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी असते, ते पण तंतोतंत जुळलं. मीटर खरं होतं!

दुसरी गोष्ट फुलीची. मी तर फुल्या बघून समजलो होतो की एवढे पार्ट नापास झालेत. तुम्ही सांगितलंत की बरोबरच्या खुणेसारखी खूण म्हणजे तपासलं, ठीक आहे, आणि फुली म्हणजे बदललं. ए म्हणजे ॲडजस्ट केलं, टी म्हणजे घट्ट केलं, सी म्हणजे साफ केलं. म्हणजे ज्या पानावर जास्त फुल्या त्या वेळी मालकाने जास्त खर्च केलेला. आणि कोकान म्हणजे बदलणे, हा शब्द तर मी आता जन्मात विसरणार नाही, आपलं कोकणच आठवतं लगेच.

पण खरं काम तुम्ही पुढे केलंत. ट्रान्सलेटर म्हणत होता बेल्ट बदलला, फुली पण होती समोर. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत, त्या ओळीचा जवळून फोटो परत मागितलात आणि म्हणालात, हा आतला टायमिंग बेल्ट नाही, हा बाहेरचा, अल्टरनेटर आणि एसीचा बेल्ट आहे. स्टिकरवर पण 'जिकाइ' लिहिलंय, जिकाइ म्हणजे पुढच्या वेळी, पुढचं ऑइल कधी बदलायचं त्याचं स्टिकर आहे ते. कॅमबेल्टची नोंद अख्ख्या पुस्तकात कुठेच नाही. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण मी मुलांना मागे बसवून हायवेवर जाणार होतो त्या गाडीतून.

विकणाऱ्याला मी तुमचं सगळं भाषांतर दाखवलं. त्यालाही ते माहीत नव्हतं, त्याच्या आधीच्या मालकाने सांगितलेलं तो पुढे सांगत होता. त्याने बेल्टच्या खर्चाएवढी किंमत कमी केली, आम्ही गाडी घेतली आणि मेकॅनिककडेच नेली. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप, सगळं एकदम बदलून घेतलं, कारण पंप त्याच बेल्टवर फिरतो. काढलेल्या बेल्टला बारीक चिरा होत्या, फोटो तुम्हाला पाठवलाच आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, विचारलं तर रागावलात. परवा आईला घेऊन रोटोरुआला जाऊन आलो, तिने पूर्ण रस्ता तुमचीच चौकशी केली. आणि ताई, त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी मराठीत लिहून ठेवलंय, कॅमबेल्ट आणि वॉटर पंप, १ लाख १८ हजार, आणि समोर छान ठळक फुली मारली आहे.