घरच्या हॉप्सविषयी काकांना पत्र

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. कुंपणावरच्या हॉप्सच्या वेलीचा फोटो पाहून तुम्ही विचारले आहे, की घरची फुले एवढी लगडलेली असताना बीअरला कडवटपणा आणि सुगंध देण्यासाठी विकतचे हॉप्स कशाला आणतोस? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्या फुलाच्या रसायनात असल्यामुळे सविस्तर लिहितो.

हॉप्सच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. बीअरला उपयोगी पडतात ती मादी वेलीची शंकूच्या आकाराची हिरवी फुले. पिकलेले फूल उभे चिरले की पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. प्रथमदर्शनी ते पराग वाटतात. पण ते ल्युप्युलिन, म्हणजे फुलातल्या सूक्ष्म ग्रंथींचा राळेसारखा चिकट स्राव. बोटांवर चोळले की त्याचा उग्र वास बराच वेळ जात नाही. याच भुकटीत अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले असतात, आणि दोघांचा स्वभाव अगदी उलट आहे. अल्फा आम्ले पाण्यात फारशी विरघळत नाहीत. माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, रसात (याला वर्ट म्हणतात) तासभर उकळली तरच त्यांची रचना बदलून कडवटपणा उतरतो. तेले मात्र त्याच उकळीत वाफेबरोबर उडून जातात.

घरच्या हॉप्सची खरी अडचण अल्फा आम्लांपाशी आहे. विकतच्या पाकिटावर त्यांचे प्रमाण तपासून छापलेले असते, घरच्या फुलांचे ते कळत नाही. एकाच जातीतही हवामान, वेलीचे वय आणि तोडणीची वेळ यांनुसार ते बदलते. १९७२ साली प्रसारित झालेल्या प्रसिद्ध कॅस्केड जातीतही ते साधारण ४.५ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान असते. वीस लिटर बीअरमध्ये ३० युनिट कडवटपणा (एक युनिट म्हणजे लिटरमागे सुमारे एक मिलिग्रॅम उतरलेले कडू आम्ल) हवा असेल, उकळीत अल्फा आम्लांचा चौथा हिस्सा कामी येतो असे धरले आणि प्रमाण ७ टक्के मानले, तर सुमारे ३४ ग्रॅम वाळलेले हॉप्स लागतात. प्रत्यक्षात प्रमाण ४.५ टक्केच निघाले, तर कडवटपणा १९ युनिटांवर येतो आणि माल्टचा गोडवा वरचढ होतो. म्हणून कडवटपणासाठी मी उकळीच्या सुरुवातीला विकतचे मोजके हॉप्स घालतो, आणि घरची फुले शेवटची पाच मिनिटे उरली असताना किंवा आच बंद करून वर्ट ८० अंशांपर्यंत निवल्यावर घालतो. तिथे कडवटपणा थोडाच उतरतो आणि सुगंध टिकतो. माझ्या मते घरच्या फुलांचे खरे मोल याच टप्प्यावर कळते, कारण त्यांचा ताजेपणा कोणत्याही पाकिटात मिळत नाही.

तोडल्याबरोबर ओलीच वापरायची असतील, तर वजनाचे भान ठेवावे लागते. ओल्या फुलात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. वाळलेल्या ३० ग्रॅमच्या जागी ओली सुमारे १५० ग्रॅम घ्यावी लागतात. एवढा पाला भांड्यात पडला की तो बराच वर्ट शोषून घेतो आणि फार वेळ राहिला तर गवताचा वास धरतो, म्हणून ती जाळीच्या पिशवीत घालून वेळेवर काढून घेतलेली बरी.

तोडणीची वेळ हातालाच कळते. कोवळे फूल ओलसर लागते आणि दाबले की दबलेलेच राहते; तयार फूल हलके असते, कागदासारखे चुरचुरते, आणि आतली भुकटी गडद पिवळी झालेली असते. वाळवताना मी फुले सावलीत जाळीवर पातळ पसरतो आणि खालून पंख्याचा वारा देतो. उष्णता जास्त झाली तर तेले उडून जातात, म्हणून घाई करत नाही. पाकळ्या आधी वाळतात, मधला दांडा मागे राहतो. तो वाकण्याऐवजी कटकन मोडला की फुले तयार झाली. दांडा ओला असताना भरून ठेवली तर बुरशी लागते.

वाळलेली फुले हवा काढलेल्या पाकिटात, फ्रीजरमध्ये ठेवायची. हवा लागली की आम्ले बिघडतात आणि जुन्या चीजसारखा आंबूस वास येतो. अशी फुले सरळ टाकून द्यावीत. प्रत्येक पाकिटावर मी तोडणीची तारीख आणि वाळल्यानंतरचे वजन लिहून ठेवतो. फुले दिसायला फुगीर असली तरी वजनाला अगदी हलकी असतात, त्यामुळे नुसत्या अंदाजाने घातली तर दर खेपेला बीअरचा सुगंध वेगळा येतो. वेलीबद्दल आणखी काही विचारायचे असेल तर अवश्य कळवा.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुमचा पुतण्या