गेटापाशी 'ताम्हण' लावलाय म्हणे

सुमे,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या घालून झाल्या असतील. तब्येत बरी, बीपी गोळीवर. आता मुद्दा, कारण इथे कुणाला सांगावं तर "बरं, मग?" म्हणतात.

महाराष्ट्र दिनाला सोसायटीने गेटापाशी एक झुडूप लावलं, पुढे पाटी: 'ताम्हण, आपले राज्यपुष्प'. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि झुडूप कसलं? सावनी! लॅगरस्ट्रोमिया इंडिका! नावात इंडिका, मूळ चीनकडचं. अगं, पान जेमतेम बोटभर, जवळजवळ बिनदेठाचं. कोवळी डहाळी चौकोनी. कळीवर नख फिरवलं, कोश साफ गुळगुळीत. ताम्हणाचा कसा उभ्या धारांचा, लवदार असतो! फुलाची ठेवण तेवढी घराण्याची: सहा चुरगळलेल्या पाकळ्या, प्रत्येकीला खाली बारीक देठ. पण आकाराने ताम्हणाच्या निम्मं.

नुसती पाटी असती तर हसून सोडलं असतं. पण मागच्या भिंतीलगतचा खरा ताम्हण, ज्याच्याखाली तू पम्याला झापलं होतंस तो, पार्किंगसाठी पाडायचाय. चेअरमन म्हणतात, "ताम्हण आहे की गेटापाशी, दोन कशाला?" आणि तो आत्ता शेंड्याशेंड्याला जांभळा झालाय. गेल्या साली सहा फाकांत उकललेली लाकडी बोंडंही अजून फांदीवर आहेत. १९७५ चा झाडांचा कायदा दाखवला, तर सेक्रेटरी म्हणतात, "परवानगी काढू की." ह्यांचं मत, मी बीपी सांभाळावं.

तू हसू नकोस. आंबोलीला तू पांढरटसर सालीच्या नाणा झाडाला, ताम्हणाच्या भाऊबंदाला, ताम्हण म्हणाली होतीस, तेही सरांसमोर, आणि वर माझ्याशी दोन दिवस अबोला. मी विसरलेले नाही.

अटलांटात अजून हिवाळ्यात सावनीचे शेंडे छाटतात का गं? त्या गाठाळलेल्या बुंध्यांचा फोटो बघून जीव गलबलला होता. नव्या फुटीवर फुलते म्हणून निभावतं बिचारीचं.

तुझा गुडघा कसा आहे? लेकीचं घर झालं का? सविस्तर कळव.

आणि हो, पुढच्या रविवारी मीटिंग आहे. माझं 'रिटायर्ड बाई' म्हणून कोणी ऐकत नाही. तू डॉक्टरेटवाली, वर अमेरिकेतली. दोन्ही झाडांचे फोटो सोबत पाठवतेय. कोणतं कोणतं ते चार ओळींत लिही, खाली सही ठोक आणि शनिवारच्या आत मेल कर. फक्त नाणा लिहू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
मंदी