हॉलची चावी कुणाकडे असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आजकालची पोरं मोबाईलमुळे एकटी पडलीयत असा लेख होता, तो वाचता वाचता माझा चहा गार झाला. मोबाईलवर खापर फोडलं की आपण मोकळे, पण पोरांनी मोबाईल खाली ठेवून जायचं कुठं ते त्या लेखात कुठंच नव्हतं, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं असेल तर मधलं कापा, शेवटचं तेवढं ठेवा.

मी इथलीच, सोलापूरच्या सात रस्त्याकडची, मराठी ख्रिस्ती घरातली. शाळेत शिकवायचे, आता रिटायर. माझी भाची दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ शिकायला गेली. पहिले तीन महिने फोन आला की रडायची, तिथली थंडी, तिथलं जेवण, आणि कुणाशी बोलायचं म्हणलं तर सगळे "हाय" म्हणून पुढं निघून जायचे. मग एकदा म्हणली, मावशी, रूममेट मला तिच्या चर्चच्या यूथ ग्रुपमध्ये घेऊन गेली, ते स्वीडनबोर्गवाले आहेत. मी म्हणलं, हे कोण आणि आता? मला आधी धसकाच बसला, परक्या मुलखात पोरगी कुठल्या तरी बाबाच्या नादी लागली की काय. मग चष्मा लावून चार दिवस वाचत बसले.

तर हे इमॅन्युएल स्वीडनबोर्ग 1688 साली स्टॉकहोमला जन्मले. माणूस हाडाचा शास्त्रज्ञ, स्वीडनच्या खाण खात्यात कित्येक वर्षं सरकारी नोकरी केलेला, धातू, यंत्रं, मेंदू असल्या विषयांवर लिहिणारा. पन्नाशीनंतर त्यांना दर्शनं व्हायला लागली, आपण देवदूतांशी बोलतो असं ते सांगायचे, आणि मग 1772 ला लंडनमध्ये वारले तोपर्यंत धर्मावरच लिहीत राहिले. खरं सांगते, दर्शनाचं मला अजून पचलेलं नाही. स्वतः त्यांनी पंथबिंथ काही काढला नाही, वाचणाऱ्यांनीच त्यांच्या मागं 1787 ला लंडनमध्ये मंडळी उभी केली, ती ही न्यू चर्च. आपल्याकडं शाळेच्या पुस्तकात धडा असतो त्या हेलन केलर याच मताच्या होत्या, त्यावर त्यांनी 1927 ला पुस्तकही काढलंय.

लग्नावर तर स्वीडनबोर्गांचं 1768 चं अख्खं जाडजूड पुस्तक आहे, आणि ग्रंथकार स्वतः आजन्म ब्रह्मचारी! भाचीला याचं फार हसू आलं. खरं प्रेम असलेलं जोडपं मेल्यावरही जोडपंच राहतं, आणि स्वर्गात म्हातारं होणं म्हणजे दिवसेंदिवस तरुण होणं, असं ते म्हणतात. शेजारच्या काकूंना सांगितलं तर म्हणल्या, मग आमची वटपौर्णिमा काय वेगळं सांगते? आणि ब्रह्मचाऱ्याचं म्हणाल तर सोलापूरकरांनी हसूच नये. आपले सिद्धरामेश्वर योगी, कुंभारकन्येनं त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, शेवटी तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, आणि त्या लग्नाच्या अक्षता आपण अख्खं गाव संमती कट्ट्यावर दर वर्षी टाकतोय की.

पण मला जे लागलं ते दुसरंच. स्वीडनबोर्गांचा स्वर्ग म्हणजे एक मोठा दरबार नाही, तिथं असंख्य छोट्या छोट्या वस्त्या आहेत. माणूस मेल्यावर त्याला कुणी कुठं ढकलत नाही, नरकातसुद्धा देव टाकत नाही म्हणे, ज्याचं मनापासून ज्याच्यावर प्रेम असतं तो आपल्या पायानं तिकडं जातो. आणि आपल्या वस्तीत पोचला की आयुष्यात कधी न पाहिलेली माणसं त्याला जुन्या गणगोतासारखी ओळखू येतात. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. आपल्याला कुणीतरी असं ओळखावं, एवढंच तर अठरा-वीस वर्षांच्या पोरांना हवं असतं ना.

त्या ग्रुपमध्ये असतं काय, तर सांगण्यासारखं फारसं काही नाही. भाची म्हणते, शनिवार-रविवार कुठंतरी शिबिराला जायचं, स्वयंपाक सगळ्यांनी करायचा, भांडी सगळ्यांनी घासायची, संध्याकाळी एखादा विषय काढून बोलत बसायचं, आणि ज्याला बोलायचं नसेल त्यानं नाही बोलायचं. मुलगा-मुलगी शेजारी बसले म्हणून कुणी डोळे वटारत नाही. "तू आमच्यात ये" असं तिला कुणी म्हणलं नाही, कारण कुठल्याही धर्मातला माणूस आपल्या श्रद्धेप्रमाणे चांगला जगला तर तोही स्वर्गातच जाणार असं हे लोक मानतातच. एका आठवड्याला ही गेली नाही, ताप होता. तर रात्री एका मुलीचा मेसेज, आज कुठं होतीस, सूप आणून देऊ का. सूप बेचव होतं म्हणाली. पण त्या दिवसानंतर फोनवरचं रडणं थांबलं.

आता आमचं सांगते, कुठलं चर्च ते विचारू नका. आमचा तरुण संघ आहे, नावाला भरपूर पोरं आहेत. नाताळ आला की स्टार बांधायला, खुर्च्या उचलायला, प्रीतिभोजनाला वाढायला तरुण संघ, गायनाची स्पर्धा आली की तरुण संघ, एरवी महिन्यातून एकदा बोलावून तासभर उपदेश, विषय बहुतेक वेळा वाईट संगत. हजेरी लिहून घेतात. एक मुलगा होता, ढोलक सुरेख वाजवायचा, तो यायचा बंद झाला. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं फुल्या पडत गेल्या, आम्ही मोठी माणसं म्हणत राहिलो, आजकाल पोरांना उपासनेची गोडी नाही. चार महिन्यांनी कळलं की वडील ज्या कारखान्यात मागावर होते तो बंद पडला, आणि हा पोरगा एमआयडीसीत नाईट शिफ्ट करून घर चालवत होता. चार महिने! घर आमच्यापासून दहा मिनिटांवर. फुल्या मारणारी मीच होते, रजिस्टर माझ्याकडं होतं, म्हणून हे लिहायचा मला हक्क आहे असं समजा. तो आता पुण्याला असतो, हुतात्मा एक्स्प्रेसनं कधीमधी येतो, भेटला तर नमस्कार करतो, बास.

कुणी म्हणेल मग त्या स्वीडनबोर्गचंच चर्च काढा इथं. नको हो. आणि त्या वस्त्यांच्या कल्पनेत मला एक भीतीही वाटते. सारख्याला सारखा भेटतो हे स्वर्गात ठीक असेल, आपल्या गावात आधीच प्रत्येकाची वेगळी वस्ती आहे, तेलुगू बोलणाऱ्यांचं मंडळ वेगळं, कानडी वेगळं, जातीजातीचं वेगळं, आम्हा ख्रिस्ती लोकांतसुद्धा या चर्चचा त्या चर्चला विचारत नाही. सारखं आडनाव आणि सारखं प्रेम यात फरक आहे, स्वीडनबोर्ग दुसऱ्याबद्दल बोलत होते, आपण पहिल्यावरच अडकलोय. आमच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 सालीच "देवाचा दरबार" नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला होता, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. त्यांची गायनं आम्ही दर रविवारी गातो, दरबाराची आठवण कुणी काढत नाही.

सोलापूरला हे जमत नाही असंही नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलायचा सराव चालतो तो बघा कधी. केवढं ते वजन, पोरं घामाघूम, एक थकला की दुसरा न सांगता पुढं होतो. तिथं कुणालाच प्रेमावर भाषण द्यावं लागत नाही, जबाबदारीवर तर नाहीच. बाराबंदी घातलेल्या त्या पोरांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला आमच्या तरुण संघाच्या एकाही फोटोत दिसलेलं नाही. स्वीडनबोर्ग म्हणायचे, धर्म म्हणजे जगणं, आणि ते जगणं म्हणजे कुणाच्या तरी उपयोगी पडणं. आमच्या पोरांच्या हातात आम्ही खुर्च्या दिल्या, पण त्या कुणासाठी मांडायच्या ते कधी त्यांना ठरवू दिलं नाही.

आणि जागेचं तर विचारूच नका. कंबर तलावाकाठी चार पोरंपोरी गप्पा मारत बसली तरी येणारे जाणारे वळून वळून बघतात, कुणीतरी दादा येऊन आडनावं विचारतो. हॉटेलात बसायला पैसे लागतात. इकडं शहरात चर्चचे हॉल, देवळांचे सभामंडप, समाजाची कार्यालयं, वाचनालयांच्या वरच्या खोल्या, लग्नसराई सोडली तर कुलपात. भाड्यानं दिल्या तर उघडतात.

आमच्या हॉलची चावी दोघांकडं असते, त्यातले एक माझे दीर. मागच्या आठवड्यात मी ती मागितली, शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ, कुठल्याही समाजाची पोरं येऊ देत, हजेरी नाही, भाषण नाही, चहा माझ्याकडून, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पण माझ्याकडून. दीर म्हणले कमिटीपुढं ठेवू. कमिटी पुढच्या महिन्यात बसणार आहे. त्यातले तिघं तुमचा पेपर घेतात आणि वाचकांची पत्रं पहिल्यांदा वाचतात, म्हणून म्हणलं शेवटचं कापू नका.

आपली,
एक रिटायर बाई, सात रस्ता, सोलापूर