छापखान्याची किल्ली कोणाकडे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंदीवर आपल्या पेपरात सध्या जी पत्रं येतायत ती मी रोज वाचतोय. बऱ्याच जणांचं म्हणणं असं की देश अडचणीत असताना सरकारनं सरळ नोटा छापाव्यात आणि लोकांच्या हातात पैसा द्यावा, मध्यवर्ती बँकेतले (म्हणजे आपल्याकडे रिझर्व्ह बँकेतले) लोक काही निवडून आलेले नाहीत मग ते कोण सरकारला अडवणारे. यामागची तळमळ मला कळते, कारण नोकरी गेलेल्या माणसाला आकडेवारी सांगून काही उपयोग नसतो. पण हे मला पटत नाही, आणि सगळं मध्यवर्ती बँकेवर सोडून आपण गप्प बसावं असं म्हणणाऱ्यांचंही मला पूर्ण पटत नाही. जो खर्च करतो त्याच्या हातात छापखाना नको, आणि ज्याच्या हातात छापखाना आहे त्याला जाब विचारता आलाच पाहिजे, असं माझं मत आहे, आणि हा दुसरा भाग आपण फार हलक्यात घेतो.

मी बरीच वर्षं बँकेत कर्ज विभागात काढली आहेत. कर्ज मंजूर झालं की नेमकं काय व्हायचं ते सांगतो. एका बाजूला त्या माणसाच्या नावावर कर्जाची एन्ट्री पडायची आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याच खात्यात तेवढीच रक्कम जमा, बस, दोन एन्ट्र्या. तिजोरीतली एक नोट हलायची नाही की कुठल्या ठेवीदाराच्या खात्यातून काही कमी व्हायचं नाही. तो पैसा त्या क्षणापर्यंत नव्हताच, तिथे टेबलावर तयार व्हायचा आणि हप्ते फिटत गेले की तसाच नाहीसा व्हायचा. लोकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही, पण ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडनं २०१४ साली आपल्या तिमाही अंकात हे स्वच्छ लिहिलंय, आणि तिथल्या लोकांकडच्या एकूण पैशापैकी ९७ टक्के हा बँकांमधल्या ठेवींच्या रूपात आहे असंही सांगितलंय. म्हणजे ज्या नोटांवरून आपण एवढं भांडतो त्या तिथे जेमतेम ३ टक्के.

आता वाईट दिवस आले की काय होतं ते बघा. आमच्याकडे लेखी काही यायचं नाही, वरून फोनवर सांगायचे, सध्या जरा सबुरीनं घ्या. मग फायली टेबलावर पडून राहायच्या. एक छोटा कारखानदार मला अजून आठवतो, तारण चांगलं, आधीच्या कर्जाचा एकही हप्ता चुकलेला नाही, हातात ऑर्डरचा कागद, फक्त कच्च्या मालाला पैसे हवे होते. तीन महिने तो येत राहिला, दर वेळी खुर्चीवर बसायच्या आधी विचारायचा, सही झाली का हो साहेब, आणि मी सांगायचो अजून वर गेलीय. शेवटी ऑर्डर हातची गेली. तशा कितीतरी फायली होत्या, आणि त्याच वेळी जुन्या कर्जांची वसुली मात्र जोरात चालू, म्हणजे जुना पैसा नाहीसा होतोय आणि नवा जन्माला येत नाही. चलनपुरवठा, म्हणजे लोकांकडचा एकूण पैसा, कमी करा असं कुठल्याही मंत्र्यानं सांगितलं नव्हतं, तो नुसता भीतीनं आटत होता.

हेच अमेरिकेत १९२९ ते १९३३ मध्ये प्रचंड प्रमाणात झालं. तिथला चलनपुरवठा साधारण एक तृतीयांशानं आक्रसला, हजारो बँका बुडाल्या, आणि फेडरल रिझर्व्ह (फेड) ही तिथली मध्यवर्ती बँक १९१३ पासून तिथेच होती, सरकारच्या ताटाखालची मांजरही नव्हती, तरी तिनं पुरेसं काही केलं नाही. म्हणून मला स्वतंत्र बँक म्हटलं की सगळं आलं असं वाटत नाही.

जर्मनीचं उदाहरण तर सगळेच देतात, नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क वगैरे. पण त्यातली एक गोष्ट फार कमी जण सांगतात. तिथली मध्यवर्ती बँक, राइशबँक, १९२२ साली कायद्यानं सरकारपासून स्वायत्त झाली होती, म्हणजे हाहाकार माजायच्या आधीच! कागदावर स्वातंत्र्य होतं, पण तिचे प्रमुख रुडॉल्फ हाफेनश्टाइन सरकारची ट्रेझरी बिलं (थोड्या मुदतीच्या कर्जाचे कागद) घेऊन नोटा देत राहिले, भाव वाढलेत म्हणून नोटा कमी पडतायत, मग छापायलाच हव्यात असं त्यांचं मनापासून मत होतं. सुटका झाली ती १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटनमार्क हे नवं चलन आलं आणि सरकारला त्यातून किती उचल मिळेल याची पक्की मर्यादा ठरली तेव्हा. महिन्याभरात सरकार आणखी मागायला आलंच, आणि त्या वेळी नाही म्हटलं गेलं. नव्या चलनामागे जमिनीचं तारण आहे वगैरे सांगितलं होतं, पण ती जमीन काही कुणी मोजून घेणार नव्हतं. मला विचाराल तर चलन टिकलं ते त्या नकारावर.

नाही म्हणणारं कुणी उरलं नाही की काय होतं ते अलीकडे तुर्कस्ताननं दाखवलं. मार्च २०२१ मध्ये व्याजदर वाढवणाऱ्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरला पाच महिनेही पुरे व्हायच्या आत हटवलं, वर्षाअखेर दर १९ वरून १४ टक्क्यांवर आणले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली. व्याज कमी करून उद्योगाला बळ द्यायचं असा हेतू सांगितला जात होता, पण पगारावर जगणाऱ्या माणसाची बचत त्यात अक्षरशः वितळली आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

काहीजण म्हणतात मग किल्ली घरातच नको, दुसऱ्याकडे देऊन टाका, म्हणजे डॉलर वापरा किंवा युरोसारख्या अनेक देशांच्या सामायिक चलनात जा. इक्वेडोरनं २००० साली डॉलर घेतला आणि तो आजही चालू आहे, हे मान्य. पण ग्रीसचा जून २०१५ चा शेवट आठवा. युरोपियन सेंट्रल बँकेनं ग्रीक बँकांसाठीच्या तातडीच्या कर्जाची मर्यादा वाढवली नाही, बँका बंद झाल्या, एटीएममधून एका कार्डावर दिवसाला ६० युरो. पेन्शनर लोक बंद शटरसमोर रांगेत उभे, स्वतःचाच पैसा, खात्यात आकडा दिसतोय आणि हातात येत नाही. चूक ग्रीक सरकारांचीही होती, हिशोब लपवले गेले होते, पण त्या रांगेतल्या माणसाला जो निर्णय भोवला तो घेणारा त्याच्या मताला कुठेच बांधील नव्हता. अर्जेंटिनानं १९९१ मध्ये आपलं चलन कायद्यानं डॉलरला पक्कं बांधून घेतलं होतं, तिथेही २००१ च्या डिसेंबरमध्ये खात्यातून पैसे काढण्यावर बंधन आलं.

म्हणून मला न्यूझीलंडची १९८९ ची आणि ब्रिटनची १९९७ ची पद्धत त्यातल्या त्यात बरी वाटते. महागाईचं लक्ष्य निवडून आलेलं सरकार उघडपणे ठरवतं आणि ते गाठायचं कसं हे बँक ठरवते. ब्रिटनमध्ये तर महागाई लक्ष्यापासून एक टक्का वर गेली किंवा खाली गेली तरी गव्हर्नरला अर्थमंत्र्याला उघड पत्र लिहावं लागतं, कारण काय आणि आता काय करणार, आणि ते पत्र कुणीही वाचू शकतं. खाली गेली तरी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पैसा आटणं हा सुद्धा गुन्हाच मानला पाहिजे. आणि माझ्या मते त्या खुलाशात बँकांचा कर्जपुरवठा किती वाढला किती घटला, छोट्या उद्योगांच्या किती फायली अडकल्या हेही आलं पाहिजे, कारण पैसा तिथे जन्माला येतो. आपल्याकडे २०१६ पासून कायद्यात खुलाशाची तरतूद आहे, २०२२ मध्ये महागाई सलग तीन तिमाही ६ टक्क्यांच्या कमाल मर्यादेच्या वर राहिल्यावर रिझर्व्ह बँकेनं सरकारला पत्रही दिलं, पण ते लोकांसमोर ठेवलं गेलं नाही. का? ज्यांच्या खिशाला झळ बसली त्यांनाच कारण वाचायला मिळू नये?

सरकारनं लोकांना मदत करू नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. करावी, मंदीत तर जरूर करावी, पण बजेटमध्ये लिहून, कर्ज काढून, संसदेत उत्तर देऊन करावी. आणि मध्यवर्ती बँकेला वाटलं की पैसा कमी पडतोय तर तिनं बाजारातून रोखे विकत घ्यावेत, म्हणजे तेवढा पैसा बाजारात येतो, किती घेणार तो आकडा आधी जाहीर करून, जसं बँक ऑफ इंग्लंडनं मार्च २००९ मध्ये केलं. दोघांनी आपापली सही आपापल्या कागदावर करावी.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत फेडचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास नेले तेव्हा घरं बांधणाऱ्या लोकांनी त्यांना पोस्टानं लाकडाचे तुकडे पाठवले होते, की बघा, हे आमचं न विकलं गेलेलं लाकूड. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट फेडच्या दारात गेले होते. निदान कुठल्या पत्त्यावर पाठवायचं आणि कुठल्या दारात जायचं हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडे येणाऱ्या त्या कारखानदाराला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याचं काम नेमकं कुणी अडवलं.

आपल्याला एक विनंती आहे. व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची बैठक झाली की आपल्या पेपरात नुसता दर छापून येतो, वाढला, घटला किंवा तसाच. त्यासोबत कुठल्या सदस्यानं कोणत्या बाजूनं मत दिलं आणि काय कारण दिलं हेही नावानिशी द्या, समितीचं इतिवृत्त नंतर प्रसिद्ध होतं, त्यात सगळं असतं. दोन महिन्यांनी एकदा अर्धा कॉलम लागेल.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी